लव्हाळा उपटूनही पुन्हा येतो? मला लागू पडलेला उपाय

वाफ्यातलं लव्हाळा हे तण उपटलं की थोड्याच दिवसांत त्याच जागी हिरवी टोकं वर. ओळखायची खूण सोपी: फुलाचा दांडा बोटांत फिरवला तर तीन कडा लागतात. खुरपणी केली, काळं प्लास्टिक अंथरलं. कोंब तेही भोसकून वर आले. जीव मेटाकुटीला आला होता.

खरं दुखणं जमिनीखालच्या काळसर, खडबडीत गाठींत आहे. दोऱ्यासारख्या धाग्यांनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरचा पाला तोडला की गाठीतून नवा कोंब फुटतो.

आधी वाफा भिजवला. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी, झाल्यावर वीतभर खोल उकरली, पण खुरप्याने नाही, दाताळ्याने. खुरप्याने धागा तुटतो आणि गाठ खालीच राहते. मग माती चाळून गाठी वेचल्या. त्या कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, कडक उन्हात पूर्ण वाळवा.

पुढचं काम जास्त महत्त्वाचं. नवा कोंब पाच-सहा पानांचा होण्याआधीच गाठीसकट काढायचा, नाहीतर तो खाली नव्या गाठी धरतो. सोबत मोकळ्या जागेत चवळी दाट पेरली, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही. आता क्वचित एखादा कोंब दिसतो, तो त्याच दिवशी काढते.