नात्याचा त्रिकोण स्वतः काढून बघायचा तर

समुपदेशनाला आलेलं जोडपं खुर्चीत नीट टेकत नाही तोच दोघांपैकी एकजण विचारतो, "आमच्यात प्रेम उरलंय का, तेवढं सांगा." ते मी सांगत नाही. दोघांच्या हाती एकेक कोरा कागद देते. हा उद्योग घरीही जमतो.

यामागची मांडणी रॉबर्ट स्टर्नबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९८६ सालची. प्रेमात तो तीन गोष्टी धरतो. जवळीक, म्हणजे मनातलं बोलता येणं, आपलं ऐकलं जाईल याची खात्री. ओढ, म्हणजे शारीरिक आकर्षण, भेटीची तगमग. आणि बांधिलकी, म्हणजे या माणसासोबत राहायचं हे ठरवणं आणि ते निभावणं.

कागदाच्या मधोमध एक ठिपका द्या. तिथून तीन दिशांना तीन रेघा ओढा, एकेका गोष्टीसाठी एक. जी गोष्ट जास्त जाणवते तिची रेघ लांब. मग टोकं जोडा. (थेट त्रिकोणाच्या बाजूच मनाला येतील त्या लांबीच्या काढायला गेलात तर भूमिती आडवी येते, टोकं जुळतीलच असं नाही.) एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही. आणि आज कसं आहे तेच काढायचं, लग्नाच्या वेळचं नाही.

आता खरं काम. प्रत्येक रेघेखाली गेल्या महिन्यातला एक प्रसंग लिहा. 'काळजी घेतो' हा प्रसंग नव्हे. एका नवऱ्याने बांधिलकीची रेघ कागदाच्या कडेपर्यंत नेली होती आणि खाली लिहिलं होतं, 'सासूबाईंजवळ रात्रभर दवाखान्यात थांबलो.' खरंच थांबला होता. बायकोच्या कागदावर त्याच रात्रीचा प्रसंग होता, पण जवळिकीच्या रेघेखाली, आणि रेघ बोटाच्या पेराएवढी: 'घरी आल्यावर मला कसं वाटतंय हे विचारलं नाही.' दोघंही खरं बोलत होते. मला विचाराल तर निम्मी भांडणं अशीच असतात. एकजण एका रेघेचा पुरावा देतो, दुसरा दुसऱ्याच रेघेची तक्रार मांडत असतो.

आकार बघून नाव देता येतं. नुसती ओढ असेल तर भुरळ, नुसती बांधिलकी उरली तर पोकळ प्रेम, जवळीक आणि बांधिलकी टिकून ओढ मंदावली तर सहचराचं प्रेम. स्टर्नबर्गने असे सात प्रकार सांगितलेत. नावांत फार अडकू नका. सहचराचं प्रेम म्हणजे नातं संपलं असं मानून हबकणारे मी पुष्कळ पाहते. ओढ झपाट्याने चढते आणि ओसरते, जवळीक सावकाश वाढते, हे त्याच मांडणीत आहे.

तोकडी रेघ कुठली, त्यावर उपाय ठरतो. ओढ कमी असेल तर दोघांनाही नवीन असलेलं काहीतरी मिळून करा. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या प्रयोगांत नेहमीच्या कामापेक्षा नवं, थरारक काम एकत्र केलेल्या जोडप्यांना नातं अधिक समाधानाचं वाटलं. नेहमीची मालिका शेजारी बसून बघणं यात धरू नका. जवळीक कमी असेल तर जोडीदार आनंदाची बातमी सांगतो तेव्हा काय करता, ते तपासा. "छान" म्हणून फोनकडे वळता, की "मग पुढे काय झालं?" विचारता? दुःखात धावून जाणं बहुतेकांना जमतं, इथे मात्र गाडी अडते. बांधिलकीचं म्हणाल तर उघड बोलण्यावाचून इलाज नाही. पुढच्या वर्षाच्या बेतात मी आहे का, हे सरळ विचारा.

प्रेम अगदी नवं असेल तर एवढ्यात त्रिकोण काढू नका. दिवसभर त्याच माणसाचे विचार, त्याच्या एका मेसेजवर मनाचं वर-खाली होणं, या अवस्थेवर मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनोव्हने १९७९ मध्ये लिहिलं. त्या भरात ओढीची रेघ कागदात मावत नाही आणि बाकीच्या दोन्ही अंदाजपंचे ओढल्या जातात.

आणि नात्यात मारहाण असेल, धाक असेल, तर हा खेळ मुळीच नको. तिथे आधी सुरक्षित जागा आणि बाहेरची मदत.

कागदांची अदलाबदल करताना एकच नियम पाळा: आधी दुसऱ्याचे तिन्ही प्रसंग मोठ्याने वाचायचे, मधे सफाई द्यायची नाही. मागे तारीख घालून ठेवून द्या. सहा महिन्यांनी पुन्हा काढाल तेव्हा जुना कागद नवा काढून झाल्यावरच उघडा.