जाहिरातीतला ओळखीचा चेहरा आणि आई-बाबांचं मेडिकेअर कार्ड: फोन करण्याआधी काय तपासायचं

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या टीव्हीवर त्याच जाहिरातींची रांग सुरू होते. न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा एकेकाळचा क्वार्टरबॅक जो नेमथ, अभिनेते विल्यम शॅटनर, विनोदी नट जिमी वॉकर असे सत्तरीतल्या प्रेक्षकांच्या तरुणपणातले चेहरे पडद्यावर येतात आणि खाली मोठा टोल-फ्री नंबर झळकतो. सांगणं एकच असतं: मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, असूनही तुम्ही हक्काच्या सोयी सोडून देताय. दात, डोळे, डॉक्टरकडे नेणारी गाडी, घरपोच जेवण, वर सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या, रकमेत भर. ग्रीन कार्डवर मुलांकडे आलेले आपले आई-बाबाही तोच टीव्ही बघतात. सरकारी योजनेचं नाव ऐकून त्यांना हे सरकारच सांगतंय असं वाटलं तर त्यात त्यांची चूक नाही. जाहिरात तशीच बांधलेली असते.

विकलं जातं ते मेडिकेअर ॲडव्हान्टेज, म्हणजे पार्ट सी. मेडिकेअरचा कारभार खासगी विमा कंपनीकडे सोपवणारा हा प्लॅन. तो वाईटच असतो असं नाही. काही घरांना तो परवडतो आणि पुरतोही. पण नंबर बहुतेक वेळा विमा कंपनीचाही नसतो, ग्राहक गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचा असतो. २०२० ते २०२१ या एका वर्षात अशा विक्रीबद्दलच्या तक्रारी दुपटीहून जास्त झाल्या. त्यानंतर मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएस या केंद्रीय संस्थेने २०२३ साली नियम आवळले: प्लॅनचं नाव न सांगता नुसते फायदे दाखवायचे नाहीत, मेडिकेअरचं नाव, बोधचिन्ह आणि कार्ड दिशाभूल होईल असं वापरायचं नाही, त्या भागात न मिळणाऱ्या सोयींची जाहिरात तिथे करायची नाही. त्यामुळे आजही एखाद्या जाहिरातीत किंवा पत्रकात प्लॅनचं नाव न सांगता नुसता नंबर आणि लाल-पांढरं-निळं कार्ड दिसलं, तर तिथेच सावध व्हा.

आधी पात्रता, मग प्लॅन

आपल्याकडच्या घरांत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले असतील, तर जाहिरातीतलं काहीच त्यांच्यासाठी नाही. ग्रीन कार्ड असेल, तर साधारणपणे वय ६५ पूर्ण आणि अमेरिकेत सलग ५ वर्षं कायम वास्तव्य, असं दोन्ही लागतं. मुलाने वीस वर्षं भरलेला मेडिकेअर कर आई-वडिलांच्या खात्यात मोजला जात नाही. स्वतःचे किंवा जोडीदाराचे कामाचे ४० क्रेडिट, म्हणजे साधारण १० वर्षांचं काम, नसेल तर रुग्णालयाचा पार्ट ए विकत घ्यावा लागतो. २०२६ मध्ये त्याचा पूर्ण हप्ता महिना ५६५ डॉलर आहे. डॉक्टरांच्या पार्ट बी चा हप्ता सर्वसाधारणपणे २०२.९० डॉलर.

खर्च टाळण्यासाठी बरेच जण फक्त पार्ट बी घेतात. ते चालतं, पण मग ॲडव्हान्टेज प्लॅन मिळतच नाही. त्याला ए आणि बी दोन्ही लागतात. फोनवरचा माणूस हे शेवटी सांगेल, तोवर आईचा नंबर, पत्ता आणि जन्मतारीख त्याच्याकडे गेलेली असेल.

‘पर्यंत’ हा शब्द शोधा

जाहिरातीतली रक्कम नेहमी ‘अमुक डॉलरपर्यंत’ अशी असते. सोशल सिक्युरिटीच्या चेकमध्ये भर पडते म्हणतात ती प्रत्यक्षात पार्ट बी च्या हप्त्यातली सूट आहे. काही प्लॅन महिन्याला मोजके डॉलर सोडतात, काही जास्त, पुष्कळ प्लॅन काहीच नाही, आणि हे झिप कोडनुसार बदलतं. हातात रोख काही येत नाही. सोशल सिक्युरिटीतून हप्ता कमी कापला जातो, एवढंच. ज्यांना सोशल सिक्युरिटी मिळतच नाही आणि जे पार्ट बी चं बिल वेगळं भरतात, त्यांचं बिल तेवढं कमी होतं. ज्यांचा हप्ता राज्य सरकार भरतं, त्यांना या सुटीचा काही उपयोग नाही.

‘शून्य प्रीमियम’ हेही असंच. शून्य असतो तो प्लॅनचा हप्ता. पार्ट बी चा हप्ता भरावाच लागतो. किराणा सामानाचं कार्ड साधारणपणे ठरावीक जुनाट आजार असलेल्यांना किंवा मेडिकेअरबरोबर मेडिकेडही (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी आरोग्य योजना) असलेल्यांना मिळतं. दातांची सोय असली तरी वर्षाची कमाल रक्कम विचारा. स्वच्छता आणि एक्स-रे यांपुरता फायदा आणि कवळी किंवा रूट कॅनालचा फायदा यांत फार अंतर आहे.

काय हातचं जातं

ओरिजिनल मेडिकेअरमध्ये, म्हणजे सरकार थेट चालवतं त्या ए आणि बी मध्ये, मेडिकेअर घेणारा देशातला कुठलाही डॉक्टर चालतो. पार्ट बी ची सुरुवातीची वजावट भरली की ते साधारण ८० टक्के खर्च देतं, २० टक्के आपले, आणि त्या २० टक्क्यांना वरची मर्यादा नाही. म्हणून लोक वर मेडिगॅप, म्हणजे ही तफावत भरणारा खासगी पूरक विमा, घेतात. ॲडव्हान्टेजमध्ये मर्यादा असते, २०२६ मध्ये नेटवर्कमधल्या (कंपनीने ठरवलेल्या डॉक्टर-रुग्णालयांच्या) खर्चासाठी जास्तीत जास्त ९,२५० डॉलर, पण त्याबदल्यात नेटवर्क आणि उपचाराआधी कंपनीची पूर्वपरवानगी येते. सरकारच्याच महानिरीक्षक कार्यालयाने २०२२ मध्ये या कंपन्यांनी नाकारलेल्या पूर्वपरवानग्यांचा नमुना तपासला, तेव्हा त्यातल्या १३ टक्के मागण्या मेडिकेअरच्या नियमांत बसणाऱ्या निघाल्या.

मेडिगॅपचं दार मात्र एकदाच नीट उघडतं, आणि जाहिरात हे कधीच सांगत नाही. वय ६५ किंवा जास्त असताना पार्ट बी सुरू झाल्यापासून ६ महिने कंपनीला आजार विचारून नकार देता येत नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांत मधुमेह, हृदयविकार, जुनी शस्त्रक्रिया हे सगळं बघून नकार किंवा चढा दर येऊ शकतो. न्यूयॉर्क, कनेक्टिकट अशी मोजकी राज्यं अपवाद आहेत. पहिल्यांदाच ॲडव्हान्टेज घेतलं असेल, तर पहिल्या १२ महिन्यांत परत फिरण्याची सोय काही अटींवर मिळते. हातात चालू मेडिगॅप असेल, तर टीव्हीवरच्या कुठल्याही चेहऱ्यासाठी ते सोडू नका. आधी आपल्या राज्याचा नियम विचारा.

दोन मुलांकडे आणि भारतात राहणाऱ्यांसाठी

आई-बाबा सहा महिने न्यू जर्सीत मुलाकडे आणि सहा महिने कॅलिफोर्नियात मुलीकडे राहत असतील, तर एचएमओ प्रकारचा, म्हणजे फक्त आपल्या भागातल्या नेटवर्कपुरता चालणारा प्लॅन दुसऱ्या घरी जवळजवळ निरुपयोगी. तिथे तातडीचे उपचार आणि डायलिसिस मिळेल. नेहमीची तपासणी, फिजिओथेरपी, विशेषज्ञ नाही. नेटवर्कबाहेरचे डॉक्टरही चालणारा पीपीओ थोडा बरा, पण नेटवर्कबाहेर खर्च वाढतो.

भारताचं आणखी वेगळं. प्लॅनच्या क्षेत्राबाहेर सलग ६ महिन्यांपेक्षा जास्त राहिलं, तर कंपनीला नाव काढावं लागतं. दिवाळीला पुण्याला गेले, घराचं काम निघालं, जूनमध्ये परतले आणि कार्ड बंद, असं यामुळेच होतं. मग माणूस ओरिजिनल मेडिकेअरवर येतो, पण औषधांचा पार्ट डी आपोआप मागे येत नाही. तो मुदतीत वेगळा घ्यावा लागतो. ओरिजिनल मेडिकेअरही भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही. मेडिगॅपच्या जी, एन अशा काही प्लॅनमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांना २५० डॉलरच्या वजावटीनंतर ८० टक्के मिळतात, फक्त प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. त्यापुढच्या मुक्कामासाठी भारतातला आरोग्यविमा आधीच हवा.

तरीही फोन करायचाच असेल

शेजारी मुलगा, सून किंवा मुलगी बसलेली असू द्या आणि कागद-पेन ठेवा. सर्वात आधी माणसाचं नाव, तो कुठल्या कंपनीचा आणि त्याच्याकडे या भागातल्या किती कंपन्यांचे प्लॅन आहेत, हे विचारा. मग प्लॅनचं पूर्ण नाव आणि क्रमांक मागा. क्रमांक साधारणपणे ‘एच’, त्यापुढे चार आकडे, मग डॅश आणि तीन आकडे असा असतो. हा क्रमांक मिळाला नाही तर पुढे बोलू नका.

कार्डावरचा ११ अक्षर-आकड्यांचा मेडिकेअर क्रमांक देऊ नका. प्लॅनची तुलना करायला झिप कोड, औषधांची यादी आणि डॉक्टरांची नावं पुरतात. क्रमांक लागतो तो नोंदणीला. बोलणं रेकॉर्ड होत असतं, आणि क्रमांक देऊन एकामागून एक ‘येस’ म्हणत गेलं की नोंदणी होऊन जाते. आपल्या वडीलधाऱ्यांना समोरच्याला मध्येच तोडायचा संकोच वाटतो, म्हणून एक वाक्य आधीच पाठ करून घ्या: ‘आज नोंदणी करायची नाही, माहिती टपालाने पाठवा.’ घाई करणारा एजंट का घाई करतो, तेही कळू द्या. २०२५ साठी नव्या ॲडव्हान्टेज नोंदणीवरचं कमाल कमिशन बहुतेक राज्यांत ६२६ डॉलर होतं, कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत ७८०. फक्त औषधांच्या प्लॅनवर १०९.

खरी तुलना कुठे करायची

मेडिकेअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर पुढच्या वर्षाचे प्लॅन १ ऑक्टोबरपासून दिसतात. नोंदणी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. झिप कोड टाका आणि प्रत्येक औषध नाव, मिलिग्रॅम आणि महिन्याच्या गोळ्या यांसह भरा. नुसतं ‘मेटफॉर्मिन’ लिहून चालत नाही. साधी आणि हळू विरघळणारी गोळी यांची किंमत वेगळी असू शकते. क्रम हप्त्यावर न लावता औषधं धरून वर्षाच्या एकूण खर्चावर लावा. मग डॉक्टरच्या दवाखान्यात फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव सांगा आणि पुढच्या वर्षीही ते नेटवर्कमध्ये राहणार का, हे विचारा. कंपनीच्या यादीत नाव असणं पुरेसं नाही. या याद्या बऱ्याचदा जुन्या असतात.

ज्याला कमिशन नाही असा सल्लागार हवा असेल, तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सेवा आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये तिला हायकॅप म्हणतात, फ्लोरिडात शाइन. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वेळ मिळणं अवघड जातं, म्हणून ऑक्टोबरमध्येच घेऊन ठेवा.

नोंदणी होऊन गेली असेल तर

७ डिसेंबरच्या आत कळलं, तर जुना प्लॅन पुन्हा निवडा. मुदतीतली शेवटची निवड धरली जाते. १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात ॲडव्हान्टेजवाल्यांना एकदा बदल करता येतो: दुसरा ॲडव्हान्टेज, किंवा ओरिजिनल मेडिकेअर आणि पार्ट डी. चुकीची माहिती देऊन नोंदणी केली असेल, तर १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या नंबरवर तसं स्पष्ट सांगा आणि विशेष मुदत मागा. दुभाषी मोफत मिळतो. सुरुवातीलाच भाषेचं नाव सांगा. तक्रारीत फोनची तारीख-वेळ, एजंटचं नाव, त्याने दिलेलं नेमकं आश्वासन आणि जाहिरातीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला कोड द्या. ॲडव्हान्टेजची नोंदणी झाली तरी मेडिगॅप आपोआप रद्द होत नाही. परत फिरण्याचा निकाल हातात येईपर्यंत त्याचा हप्ता भरत राहा.