तळं उपसू नका, पाणी खडीतून फिरवा

लातुरात राहून अंगणात तळं ठेवायचं म्हणजे चार माणसांचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे कुणी कमळं लावतो, मासे पाळतो म्हटलं की पाहुणे आधी पाण्याचा हिशोब विचारतात. विचारायलाच पाहिजे. माझं ड्रीप आणि पीव्हीसी फिटिंगचं दुकान आहे, त्यामुळे तळंवाली गिऱ्हाइकं सारखी येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: पाणी हिरवं झालं, उपसून टाकलं, नवीन भरलं, पंधरवड्यात पुन्हा हिरवंगार. हे उपसणं थांबवायचं असेल तर बॉग फिल्टर बांधा. मग जेवढं पाणी उन्हाने उडतं तेवढंच वरून घालावं लागतं.

पाणी हिरवं होतं ते शेवाळामुळे, आणि शेवाळाला खाऊ घालतो आपणच. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, पडलेला पाला यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे खतच की. तळं उपसून बोअरचं पाणी भरलं तर सुटका होत नाही, कारण आपल्याकडच्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात शेतातून झिरपलेलं नायट्रेट आधीच असतं. शेवाळाला नवं ताट वाढल्यासारखं होतं.

बॉग फिल्टर म्हणजे तळ्याला खेटून बांधलेला खडीचा वाफा. पंपाने तळ्याचं पाणी वाफ्याच्या बुडाशी सोडायचं, ते खडीतून सावकाश वर चढतं आणि काठावरून परत तळ्यात पडतं. खडीच्या अंगावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, तो अमोनियाचं काम करतो. उरलेलं खत झाडांची मुळं ओढून घेतात. आपल्या वाड्यांतून मोरीच्या पाण्यावर कर्दळ आणि अळू लावायची पद्धत होतीच, तिला पंप जोडला एवढंच समजा.

आकाराचं बोलू. समजा तळं ८ बाय ६ फूट आणि २ फूट खोल आहे, म्हणजे साधारण २७०० लिटर. वाफ्याचं क्षेत्र तळ्याच्या दहा टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत ठेवतात. मासे असतील आणि आपल्यासारखं ऊन असेल तर पंचवीस टक्क्यांच्या खाली येऊ नका. इथे ६ बाय २ फूट, म्हणजे १२ चौरस फूट पुरे. खडीची खोली एक फूट. जास्त खोल केलं की मुळं बुडापर्यंत पोचत नाहीत आणि खाली गाळ सडत बसतो.

काळ्या मातीत थेट बांधकाम करू नका. ती पावसाळ्यात फुगते, मार्चपासून भेगाळते आणि सिमेंटच्या भिंतीला सोबत घेऊन फाटते. पायाखालची माती काढून मुरूम भरा, चोपून घ्या, मग विटांची भिंत उचला. आत नुसता सिमेंटचा गिलावा करण्यापेक्षा शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाका. मोठ्या शेततळ्यांचे उरलेले तुकडे आमच्यासारख्या दुकानांत स्वस्तात मिळतात. कागदाखाली जुन्या गोधड्या किंवा पोती पसरा, नाहीतर एखादा टोकदार खडा वजनाने कागद फोडतो. वाफ्याची तळ्याकडची कड तळ्याच्या पाण्यापेक्षा तीन-चार इंच उंच हवी आणि बाकी तीन बाजू तिच्याहून आणखी तीन इंच वर. म्हणजे पाणी एकाच तोंडाने बाहेर पडतं. त्या तोंडावरून कागद तळ्याच्या आत वळवून घ्यायचा. इथे हयगय केली तर पाणी कागदामागून भिंतीत मुरतं आणि लोक महिनाभर गळती शोधत बसतात.

आता पाइप, माझ्या धंद्याची गोष्ट. दीड इंची पीव्हीसी घ्या, वाफ्याच्या लांबीपेक्षा थोडा कमी. त्याला दर दोन इंचांवर आडव्या चिरा पाडा, व्यासाच्या एक-तृतीयांश खोल. ग्राइंडरने पाडा. हॅक्सॉच्या पात्याची फट फार बारीक पडते आणि लवकर बुजते. गोल भोकं पाडू नका, बारीक खडी त्यांत डाटासारखी बसते. चिरांची तोंडं वर करून पाइप वाफ्याच्या मधोमध बुडाशी ठेवा. एका टोकाला पंपाकडून येणारा पाइप. दुसऱ्या टोकाला एल्बो लावून उभा पाइप खडीच्या वर काढा आणि त्याला टोपण बसवा. खाली साठलेला गाळ पुढे इथूनच बाहेर काढायचा असतो. हा उभा पाइप वाचवायला बघणारे बरेच असतात. चाळीस-पन्नास रुपयांसाठी पुढे सगळी खडी उपसावी लागते.

पंपाकडून येणारा पाइप वाफ्याच्या भिंतीवरून आत उतरवा, आणि भिंतीवरच्या सर्वात उंच जागी त्याला ड्रीपच्या ड्रिलने एक बारीक भोक पाडा. त्याचं कारण लाइट जाणे. पंप बंद पडला की वाफ्यातलं पाणी त्याच पाइपातून उलटं तळ्यात उतरू लागतं, खडी वरून कोरडी पडते आणि जिवाणू मरतात. भोकातून हवा शिरली की ही उलटी ओढ तुटते. पंप चालू असताना तिथून बारीक चिळकांडी उडते, ती वाफ्यातच पडेल असं भोकाचं तोंड ठेवा. एनआरव्हीने, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हनेही काम होतं, पण तळ्याच्या पाण्यात त्यात शेवाळाचे धागे अडकतात.

पंप कूलरचा चालतो, फक्त छोटा नको. पूर्ण तळं तासाभरात किंवा फार तर दोन तासांत एकदा फिरलं पाहिजे. खोक्यावर लिहिलेला आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळतो, म्हणून २७०० लिटरच्या तळ्याला ताशी अडीच-तीन हजार लिटर लिहिलेला घ्या. ४० वॅटचा पंप अहोरात्र चालला तरी दिवसाला एक युनिट होत नाही. तो भोकं पाडलेल्या बादलीत ठेवा आणि बादलीला मच्छरदाणीचं कापड बांधा, म्हणजे पिल्लं आणि पाला आत ओढला जाणार नाही. आणि लाइनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय तळ्यात हात घालू नका, यावर चर्चा नाही.

खडी १० एमएमची घ्या. १२ घनफूट म्हणजे ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) आठव्या भागाच्या आतबाहेर, कुणी टिप्पर पाठवणार नाही. सिमेंटच्या दहा रिकाम्या गोण्या घेऊन जा, एकेक गोणी पन्नास किलोच्या आसपास भरेल. आपला काळा दगड उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. मात्र क्रशरची भुकटी धुऊन काढा, घमेल्यातलं पाणी नितळ निघेपर्यंत. नदीकाठची गोल खडी दिसायला छान, पण तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे असतात. लिंबू पिळून पाहा, बुडबुडे आले तर ती खडी बांधकामाला द्या. मुरूम, वाळू, विटांचा चुरा यातलं काहीही थर म्हणून घालू नका, आणि मध्ये कापड तर नकोच. फिल्टर म्हटलं की लोकांना थर सुचतात. इथे गाळून काढायचं नसतं, पाणी मोकळं चढू द्यायचं असतं.

खडीचा माथा पाणी सांडायच्या पातळीपेक्षा इंचभर वर ठेवा आणि तोंडाशी मुठीएवढे दगड लावा. वर पाणी दिसता कामा नये. दिसलं की डास आले, आणि पाठोपाठ डेंग्यूवाले कर्मचारी. तळ्यात गप्पी सोडा, बऱ्याच ठिकाणी आरोग्य केंद्रातून मिळतात.

झाडं लावताना एकच नियम कडक पाळा: मातीचा कणही जाऊ द्यायचा नाही. नर्सरीची पिशवी फाडा, मुळं बादलीत बुडवून ठेवा, मग नळाखाली बोटांनी मोकळी करा. कर्दळीचा गड्डा असेल तर त्याच्या खोबणीतली काळी माती जुन्या टूथब्रशने काढावी लागते. पानं निम्मी छाटा, गड्डा तीन-चार इंच खडीत दाबा, दोन गड्ड्यांत फूट-दीड फूट अंतर सोडा. खत घालू नका, खत तळ्यातच आहे. पहिले आठ-दहा दिवस झाड मान टाकेल, मग नवी सुरळी निघते.

माझी पहिली पसंती कर्दळीला. ऊन सोसते, खादाड आहे, फुलते. दुसरं अळू, पण दुपारी सावली येईल त्या टोकाला. वेखंडाला तर मेमध्ये शेडनेट लागतंच. कडेने जलब्राह्मी सोडा, ती खडीवर पसरून ती तापू देत नाही. पुदिना चालतो. अम्ब्रेला पाम देखणा, पण त्याला आवर घालावा लागतो. पाणकणीस लावू नका, त्याचे कोंब कागद भोसकतात. नाल्याकाठची बेशरम फुकट मिळते म्हणून आणू नका. जलपर्णी दाराच्या आत येऊ देऊ नका. वाळ्याबद्दल बरेच विचारतात. त्याची मुळं सरळ खाली जातात आणि एक फुटाच्या वाफ्यात थेट पाइपच्या चिरा गाठतात, त्याला जमिनीतच राहू द्या.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते दिवसभर उघडं ठेवून मग मासे सोडा, तेही थोडे. जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात पाणी हिरवं होईल, होऊ द्या. शेजारी औषध सुचवतील, टाकू नका.

झाडाने ओढलेलं खत झाडातच असतं, ते कापून बाहेर नेलं तरच तळ्यातून गेलं. म्हणून फुलून गेलेली कर्दळ बुडापासून कापा आणि पिवळी पानं वाफ्यात गळण्याआधी काढा. वर्षा-दोन वर्षांनी गड्डे विभागून निम्मे वाटून टाका. मेमध्ये तळं दिवसाला सेंटीमीटरभर तरी खाली जातं. दरवेळी बोअरचंच पाणी घातलं तर क्षार साठत जातात, कारण उडतं ते निव्वळ पाणी. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवलं असेल तर ते इथे वापरा. अर्ध्या तळ्यावर शेडनेट ओढलं तरी फरक दिसतो.

लाइट दोन-चार तास गेली तर काही बिघडत नाही. दिवसभर गेली तर खडीतला प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा वेळी पंप लावण्याआधी उभ्या पाइपचं टोपण काढा, त्याला नळी जोडून पहिलं काळं पाणी लिंबाच्या नाहीतर कढीपत्त्याच्या आळ्यात सोडा. पाणी स्वच्छ दिसू लागलं की टोपण बसवा. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर हेच करायचं, वास आला नसला तरी. टोपण दाबून घट्ट बसवा, पण त्याला पाइप चिकटवायचं सोल्युशन लावू नका.