अमेरिकेतला बेकारी भत्ता: क्लेम कसा सांभाळायचा आणि कमाई कशी कळवायची

नोकरी गेल्यावर अनएम्प्लॉयमेंटचा अर्ज भरणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. खरी जोखीम त्यानंतर सुरू होते, दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला कराव्या लागणाऱ्या सर्टिफिकेशनमध्ये, म्हणजे आपण अजून भत्त्याला पात्र आहोत हे राज्याला कळवण्यात. तिथे एक साधा प्रश्न असतो: या आठवड्यात काम केलंत का, आणि किती कमावलंत? प्रामाणिक माणसंही त्याचं उत्तर चुकीचं देतात आणि काही महिन्यांनी त्यांच्या हातात वसुलीचं पत्र पडतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या प्रश्नाला दिली आहे.

आधी अर्जाबद्दल थोडक्यात. ही योजना १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून आली, पण चालवतं प्रत्येक राज्य आपापली. त्यामुळे अर्ज करायचा तो जिथे राहता त्या राज्यात नाही, तर जिथे काम करत होतात त्या राज्यात. न्यू जर्सीत घर आणि न्यू यॉर्कमध्ये ऑफिस असेल, तर क्लेम न्यू यॉर्कचा. काम सुटलं त्याच आठवड्यात अर्ज करा. क्लेम साधारणपणे अर्ज केलेल्या आठवड्यापासून सुरू होतो आणि मागची तारीख मिळवायला सबळ कारण द्यावं लागतं. सेव्हरन्स, म्हणजे नोकरी सुटताना कंपनीने दिलेली रक्कम, ‘ती संपू दे, मग बघू’ म्हणून थांबू नका. सेव्हरन्समुळे भत्ता लांबतो की नाही, ते राज्याला ठरवू द्या. टेक्सासमध्ये तो लांबू शकतो, कॅलिफोर्नियात सेव्हरन्स साधारणपणे भत्त्यातून कापला जात नाही. पण अर्जात विचारलं असेल तर तो दोन्हीकडे सांगायचाच.

अर्जाला बसताना सोशल सिक्युरिटी नंबर, मागच्या १८ महिन्यांतल्या सगळ्या नोकऱ्यांची नावं-पत्ते, प्रत्येक ठिकाणचा शेवटचा दिवस आणि नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड किंवा ईएडी (काम करण्याची परवानगी देणारं सरकारी कार्ड) समोर ठेवा. नोकरी सुटण्याचं कारण कंपनीच्या पत्रात आहे तेच लिहा. लेऑफ झाला असेल तर लेऑफ. ‘परस्पर संमतीने बाहेर पडलो’ अशी गुळमुळीत भाषा वापरली की तो राजीनामा होता का, याची चौकशी लागते आणि पैसे अडकतात.

एच-१बी वर असणाऱ्यांना हा भत्ता साधारणपणे मिळत नाही. भत्त्यासाठी कुठलंही योग्य काम लगेच स्वीकारण्याची कायदेशीर मोकळीक लागते आणि एच-१बी त्या एका कंपनीशी बांधलेला असतो. स्वतःचा ईएडी असलेल्यांना किंवा ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

रक्कम ठरते ती बेस पीरियडवरून, म्हणजे मागच्या पूर्ण झालेल्या पाच तिमाह्यांपैकी पहिल्या चार. मे २०२५ मध्ये अर्ज केला असेल, तर मोजली जाते जानेवारी ते डिसेंबर २०२४ ची कमाई. राज्याचं पत्र आलं की त्यातले तिमाही आकडे डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा फॉर्म) आणि पे स्टबशी (पगाराच्या पावतीशी) ताडून पाहा. एखादी नोकरी गळली असेल तर लगेच कळवा. बहुतेक राज्यांत पहिला पात्र आठवडा बिनपैशांचा जातो, पण त्याचंही सर्टिफिकेशन करावं लागतं. ‘पैसे मिळणारच नाहीत’ म्हणून तो सोडला, तर तो बिनपैशांचा आठवडा नुसता पुढे सरकतो.

आता कमाई. नियम दोनच: काम ज्या आठवड्यात केलं त्या आठवड्यात कळवायचं, आणि आकडा ग्रॉस द्यायचा. पगार खात्यात कधी आला, कर कापून किती आला, याच्याशी संबंध नाही.

एक उदाहरण. तासाला २० डॉलरचं अर्धवेळ काम मिळालं. गुरुवारी ५ तास, शनिवारी ४ तास, लगेच रविवारी ६ तास. चेक आला दोन आठवड्यांनी, कर कापून साधारण २६० डॉलरचा. सहज सुचणारं उत्तर म्हणजे चेकच्या आठवड्यात २६० लिहिणं. ते तीन प्रकारे चुकीचं आहे: आठवडा चुकला, आकडा नेट आहे, आणि दोन आठवड्यांचं काम एकात मिसळलं. ज्या राज्यांत आठवडा रविवार ते शनिवार असतो, तिथे बरोबर उत्तर असं: पहिल्या आठवड्यात ९ तास, १८० डॉलर. दुसऱ्यात ६ तास, १२० डॉलर.

यावर भत्ता किती कापला जाईल, हे राज्यागणिक बदलतं. साप्ताहिक भत्ता ४०० डॉलर धरू. कॅलिफोर्निया कमाईतले २५ डॉलर किंवा २५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते सोडून देतं. म्हणजे १८० पैकी ४५ माफ, १३५ कापले, हाती २६५. पुढच्या आठवड्यात १२० पैकी ३० माफ, ९० कापले, हाती ३१०. टेक्सासमध्ये माफी भत्त्याच्या २५ टक्के, म्हणजे इथे १०० डॉलर. तिथे हाती येतात ३२० आणि ३८०. न्यू यॉर्क तास मोजतं, आणि तिथला आठवडा सोमवार ते रविवार असतो. त्यामुळे हे तिन्ही दिवस एकाच आठवड्यात पडतात: १५ तास. तिथे १० तासांपर्यंत कपात नाही, ११ ते १६ तासांना २५ टक्के कपात, म्हणून त्या आठवड्याचे ३०० डॉलर. आपल्या राज्याचा आठवडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे आधी पाहून घेणं का गरजेचं, ते यातून कळावं.

तिन्ही राज्यांत भत्ता आणि कमाई मिळून हाती ४०० पेक्षा जास्तच पडतात, तेव्हा थोडं काम लपवण्यात फायदा काहीच नाही.

यासाठी एक वही किंवा फोनमधली साधी यादी पुरते: तारीख, कुणाकडे, किती तास, दर, ग्रॉस. काम संपलं त्याच दिवशी लिहा. चेकची वाट पाहू नका, तास गुणिले दर एवढाच हिशेब आहे. पे स्टब आल्यावर आकडा वेगळा निघाला, तर राज्याला कळवून दुरुस्त करून घ्या.

रोख मिळालेले पैसे, टिप्स, कमिशन, ओळखीच्यांना दोन दिवस केलेली मदत ज्याचे पैसे मिळाले, हे सगळं कमाईत येतं. उबर किंवा डोअरडॅशचं कामही सांगायचं. स्वतंत्र कामात खर्च वजा करता येतो का, याचं उत्तर राज्यागणिक वेगळं आहे, म्हणून राज्याच्या मार्गदर्शिकेत ते नेमकं शोधा. बँकेचं व्याज आणि डिव्हिडंड ही मजुरी नव्हे.

नवी नोकरी लागली की सगळ्यात जास्त घोटाळा होतो. पहिला पगार येईपर्यंत भत्ता घेत राहणं चुकीचं आहे. कामाचा पहिला दिवस, मग ते बिनकामाचं ओरिएंटेशन का असेना, त्यासाठी मोबदला मिळणार असेल तर त्याच आठवड्यात सांगायचा. हे लपत नाही. नव्या नेमणुकीची माहिती कंपनीला २० दिवसांत राज्याला द्यावी लागते आणि पगाराचे आकडे दर तिमाहीला जातात. संगणक दोन्ही याद्या जुळवतो आणि तफावत दिसली की कंपनीकडून आठवडावार पगार मागवला जातो. मुद्दाम लपवल्याचं ठरलं, तर जास्त घेतलेल्या भत्त्यावर किमान १५ टक्के दंड बसतो. चूक आधी स्वतःहून कळवलीत, तर ती चूक म्हणून मिटण्याची शक्यता बरीच वाढते.

भत्ता चालू असताना भारतात जायचं असेल, तर त्या आठवड्यांत ‘कामासाठी उपलब्ध होतात का’ या प्रश्नाला खरं उत्तर द्या. बहुतेक राज्यं देशाबाहेर असलेल्या आठवड्यांचे पैसे देत नाहीत. तिथून लॉग इन केलं तर खातं गोठण्याचा संभव असतो, आणि घरच्या कुणाला तरी आपल्या नावाने सर्टिफाय करायला सांगणं त्याहून वाईट.

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं, तर पत्र पाठवल्याची तारीख आधी पाहा. अपिलाची मुदत तिथून मोजतात: टेक्सासमध्ये १४ दिवस, कॅलिफोर्नियात ३०. अपील चालू असतानाही सर्टिफिकेशन थांबवू नका. जिंकलात, तरी न भरलेल्या आठवड्यांचे पैसे मिळवताना मारामार होते.

या भत्त्यावर केंद्राचा आयकर लागतो. डब्ल्यू-४व्ही फॉर्म भरून किंवा पोर्टलवर पर्याय निवडून १० टक्के आधीच कापून घेता येतात. कॅलिफोर्निया राज्य मात्र त्यावर कर लावत नाही. जानेवारीअखेर १०९९-जी हा वर्षभरात मिळालेल्या भत्त्याचा फॉर्म येतो. त्यावरचा आकडा आपल्या खात्यातल्या जमा रकमांशी जुळवताना कापलेला कर मिळवायला विसरू नका. कधी क्लेमच केला नसताना हा फॉर्म आला, तर कुणीतरी तुमच्या नावावर पैसे उचललेत. राज्याच्या फसवणूक कक्षाला लगेच कळवून दुरुस्त फॉर्म मागवा.