ज्वालामुखीवर नजर ठेवण्याचं काम: भूगर्भशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी

भारतात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) समुद्रात सुमारे १३५ किलोमीटर आत, मनुष्यवस्ती नाही. दीडशेहून जास्त वर्षं गप्प राहून १९९१ साली तो पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून राख आणि लाव्हा टाकत आला आहे. २०१७च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे समुद्रतळाचे नमुने घ्यायला गेले होते, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर त्याने राख उडवली. हे आधी सांगते, कारण मुलांचा आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, "पण नोकरी कुठे मिळणार?" प्रश्न रास्त आहे. 'ज्वालामुखीशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात आपल्याकडे निघत नाही.

परदेशातही ती क्वचितच निघते. वेधशाळेत माणसं घेतात ती कामानुसार. भूकंपांच्या नोंदी वाचणारा, जमिनीची हालचाल मोजणारा, वायू मोजणारा, उपग्रहाची चित्रं हाताळणारा, आणि या सगळ्यांची यंत्रं थंडीवाऱ्यात चालू ठेवणारा तंत्रज्ञ. म्हणून 'मला ज्वालामुखी आवडतात' यापुढे जाऊन 'मला काय मोजायला आवडेल' हे स्वतःला लवकर विचारा. मी जमिनीची हालचाल निवडली, त्यामुळे पुढचं बरंचसं त्याच बाजूने लिहिलेलं असेल.

मी इथवर पोहोचले ती धुळे-नंदुरबारच्या वाटेने. एमएस्सीच्या प्रबंधासाठी तिकडचे डाइक नकाशावर उतरवायचे होते. त्या भागात शेतांच्या मधून काळ्या दगडाची सरळसोट भिंत कित्येक किलोमीटर चालत गेलेली दिसते. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता, त्या काळात जमिनीतल्या उभ्या भेगांमध्ये शिलारस शिरला आणि तिथेच थिजला. आजूबाजूचा खडक झिजला, भिंत उरली. तोच डाइक. आम्ही टेपने रुंदी मोजायचो, होकायंत्राने दिशा घ्यायचो, हातोड्याने नमुना काढून कडेच्या बारीक कणांचा पट्टा भिंगातून बघायचो. आमच्या सरांनी एकदा उन्हात उभं करून विचारलं होतं, "ही भेग भरायला किती वेळ लागला असेल सांगा." कुणालाच सांगता आलं नाही. थिजलेला दगड ते सहजासहजी बोलत नाही.

या प्रश्नाचं एक उत्तर मला आइसलंडमध्ये पाहायला मिळालं. तिथला रेक्यानेस द्वीपकल्प सुमारे ८०० वर्षं शांत होता. २०२१च्या मार्चमध्ये फाग्रादाल्सफ्यात्ल इथे पहिला उद्रेक झाला. मग १० नोव्हेंबर २०२३ला दुपारनंतर ग्रिंदाविक या मासेमारीच्या गावाजवळ भूकंपांची झोड उठली. मी तेव्हा जीपीएसच्या नोंदींवर काम करत होते. एरवी ज्या आलेखात महिन्याला चार-दोन मिलिमीटर सरकलं तरी आम्ही मान पुढे करून बघायचो, तो आलेख त्या संध्याकाळी कागदाच्या बाहेर गेला. गावाच्या खालून सुमारे १५ किलोमीटर लांबीचा डाइक काही तासांत घुसला. सगळ्या नोंदी जुळवून नंतर जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात शिलारसाचा लोंढा सेकंदाला ७,४०० घनमीटरपर्यंत पोहोचल्याचं निघालं. गावातली जमीन मीटरभर खचली, रस्ते उभे फाटले. त्याच रात्री जवळपास ३,८०० वस्तीचं सगळं गाव रिकामं केलं.

आणि त्या रात्री लाव्हा आलाच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. लोकांना काही मिनिटांसाठी घरी जाऊ दिलं, कुणी मांजर आणलं, कुणी फोटो. ते आम्हाला विचारत होते, कधी परतायचं? उत्तर देता येत नव्हतं. १८ डिसेंबरच्या रात्री गावाच्या उत्तरेला सुमारे ४ किलोमीटर लांबीची भेग उघडली. ती तीन दिवसांत शमली. काही कुटुंबं परतली. १४ जानेवारी २०२४ला पहाटे भूकंप पुन्हा वाढले तेव्हा त्यांना परत बाहेर काढलं, आणि सकाळी आठच्या सुमारास गावाच्या वेशीवर जमीन फाटली. तीन घरं जळाली. त्या घरांत कुणी नव्हतं. या कामात मला जो आनंद माहीत आहे तो या एका वाक्यातला आहे.

हे जमलं ते त्या रात्रीच्या हुशारीमुळे जमलं, असं मला वाटत नाही. ते जमलं आधीच्या कंटाळवाण्या वर्षांमुळे. कातळात पक्का रोवलेला जीपीएसचा खांब, काहीच घडत नसताना रोज नोंद देणारा. तेव्हाच कळतं की हिवाळ्यात अँटेनावर बर्फ साठला की जमीन खोटीच सरकल्यासारखी दिसते, आणि समुद्रावरून वादळ आलं की वाऱ्या-लाटांच्या थरथरीत छोटे भूकंप बुडून जातात. शांत ज्वालामुखीचा स्वभाव ज्याने नोंदवलेला नाही, त्याला अस्वस्थ ज्वालामुखी ओळखता येत नाही. गावाजवळच्या स्वार्ट्सेंगीखाली चार-पाच किलोमीटर खोलीवर शिलारस साठतो, तेव्हा निखाऱ्यावरची भाकरी फुगावी तशी जमीन रोज काही मिलिमीटर वर येते, उद्रेक झाला की बसते, मग पुन्हा फुगू लागते. मागच्या वेळी किती साठल्यावर फुटलं हे माहीत असलं, तरच आता किती वेळ आहे याचा अंदाज बांधता येतो. तरीही शेवटचा इशारा कधीकधी अर्ध्या-एक तासाचाच असतो.

जुन्या नोंदीच नसल्या तर काय करायचं, याचं उत्तर प्रत्येक नवशिक्याने पिनातुबोच्या कहाणीत वाचावं. फिलिपिन्समधला हा डोंगर शतकानुशतकं झोपलेला. २ एप्रिल १९९१ला वाफेचे स्फोट झाले, त्यानंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी घाईने भूकंपमापक बसवले, अमेरिकेहून मदतीला पथक आलं. मे महिन्याच्या मध्यावर रोज सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता, २८ मेपर्यंत तो ५,००० टनांवर गेला, आणि मग अचानक घटला. बाहेरच्या माणसाला वाटेल संकट टळलं. त्या लोकांनी उलटा अर्थ लावला, वायूची वाट बुजली आहे आणि आत दाब वाढतो आहे. हजारो लोक हलवले. १५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. घटलेल्या आकड्याला घाबरायचं कधी, हे पाठ्यपुस्तक शिकवत नाही. ते शेजारी बसून शिकायला लागतं, म्हणून इंटर्नशिप जिथे मिळेल तिथे घ्या, पैसे कमी असले तरी.

पिनातुबोच्या वेळी आणखी एक गोष्ट कामी आली. फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ मॉरिस क्राफ्ट यांनी चित्रित केलेली ज्वालामुखींची दृश्यं अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली गेली, आणि तापलेल्या राखेचा लोट म्हणजे काय हे त्यांना प्रथमच कळलं. पिनातुबो फुटण्याआधी, ३ जूनला, क्राफ्ट पतिपत्नी जपानच्या उनझेन ज्वालामुखीवर तशाच लोटात सापडून मरण पावले. त्याआधी सहा वर्षं कोलंबियात उलट घडलं होतं. नेवादो देल रुईस ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा तयार होता, आर्मेरो गाव चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेत आहे हे त्यावर दिसत होतं. १३ नोव्हेंबर १९८५च्या रात्री लोंढा आला तेव्हा लोक घरीच होते. २३ हजारांच्या आसपास माणसं गेली. आणि १९७६ साली कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ७० हजारांहून अधिक लोक काही महिने घराबाहेर राहिले, शास्त्रज्ञ जाहीरपणे भांडले, आणि मोठा उद्रेक झालाच नाही.

गाव हलवण्याचा हुकूम शास्त्रज्ञ देत नाही. तो नागरी संरक्षण खात्याचा आणि पोलिसांचा अधिकार. पण त्यांच्यासमोर बसून 'शक्यता इतकी, खात्री नाही, आणि अमुक दिसलं तर मी मत बदलेन' हे तीन वाक्यांत सांगता यायला हवं. आपल्या शिक्षणात हे कुणी शिकवत नाही. मला ते जीपीएसच्या गणितापेक्षा अवघड गेलं. वक्तृत्व स्पर्धेतलं बोलणं इथे उपयोगी नाही. आजीला समजेल असं, पण एकही शब्द न फुगवता, असं बोलण्याची सवय लावा.

आता शिक्षणाचं. बारावीला गणित सोडू नका, हा माझा एकच हट्ट आहे. भूगर्भशास्त्राची पदवी पुण्यात फर्ग्युसनला, मुंबईत झेवियर्सला करता येते, इतरही महाविद्यालयं आहेत. तिथे खडक ओळखायला शिकाल, पण लहरी, ताण, सांख्यिकी यांचा पाया स्वतः घालावा लागेल. त्यानंतर जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी. मुंबई आयआयटीत भूगर्भशास्त्र आणि भूभौतिकी दोन्ही आहेत, आणि नजर ठेवण्याच्या कामासाठी मी भूभौतिकीकडे झुकेन. युरोपात फ्रान्समधलं क्लेरमाँ-फेराँ आणि आइसलंड विद्यापीठ ही या विषयाची जुनी घरं आहेत. तिकडे बहुतेक ठिकाणी पीएचडीला पगार मिळतो, हे घरी सांगायला विसरू नका. हवाई बेटांवर हिलोच्या विद्यापीठातलं केंद्र इतर देशांतल्या वेधशाळांच्या माणसांना प्रशिक्षण देतं.

भारतात राहायचं असेल तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. १८५१पासूनची ही संस्था आहे. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय), पनवेलची भूचुंबकत्व संस्था, गोव्याची समुद्रविज्ञान संस्था, हेही दरवाजे. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७चा भूकंप आणि त्यानंतर तिथे अजूनही होणारे धक्के यांमुळे भूकंप शिकायला महाराष्ट्रासारखी जागा नाही. कराडला तर तीन किलोमीटर खोल विंधन विवराचा प्रकल्प उभा आहे. आणि हे कौशल्य ज्वालामुखीपुरतं राहत नाही. उपग्रहाच्या रडारने मिलिमीटरची हालचाल पकडता येणारा माणूस सह्याद्रीतल्या सरकणाऱ्या उतारांवर हवाच आहे. माळीण २०१४ साली गेलं, इर्शाळवाडी २०२३ साली. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी आइसलंडला न जाता त्या कामाला लागलं तर मला जास्तच आनंद होईल.

सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नाही. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार चित्रं फुकट मिळतात. भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह निसार ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्याच्या लांब लहरी झाडीखालच्या जमिनीची हालचालही टिपू शकतात. पायथन शिका, लिनक्सची भीती घालवा. ऑब्स्पाय (भूकंपाच्या नोंदी हाताळणारं पायथनमधलं साधन) वापरून हवाईतल्या किलाउए ज्वालामुखीच्या एखाद्या भूकंपमापक केंद्राची नोंद उतरवून घ्या आणि खडक फुटण्याचा भूकंप आणि द्रव-वायू सरकण्याची संथ थरथर वेगळी ओळखून पाहा. उपग्रहाच्या बाजूला राखेचंही मोठं काम आहे. जगात राखेचा इशारा देणारी नऊ केंद्रं विमानांसाठी रात्रंदिवस आकाश बघतात. २०२५च्या नोव्हेंबरात इथिओपियातला हायली गुब्बी फुटला आणि त्याची राख तांबडा समुद्र ओलांडून भारतावर आली, उड्डाणं रद्द झाली, तेव्हा मुंबईतल्या प्रवाशांनाही हे काम काय असतं ते कळलं.

प्रत्यक्ष फील्डबद्दल थोडं. हिवाळ्यात सौर पट्ट्या आइसलंडमध्ये निरुपयोगी, म्हणून जड बॅटऱ्या पाठीवर घेऊन लाव्हाच्या धारदार कातळावरून चालायचं. ताकद लागते, पण सराव केला की मुलींनाही सहज जमतं, यावरून कुणी तुम्हाला अडवू देऊ नका. वायूचा मापक छातीला लावलेला असतो, आणि खळग्यात बसून डबा खायचा नाही, कारण कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. १४ जानेवारी १९९३ला कोलंबियातल्या गालेरास ज्वालामुखीच्या विवरात सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक एका स्फोटात गेले. तेव्हापासून विवराशी किती वेळ थांबायचं यावर कडक शिस्त आली, बरंच काम ड्रोनवर गेलं. धाडस दाखवणाऱ्या माणसाला चांगला गटप्रमुख सोबत नेत नाही.

नोकरीची बाजू कठीणच आहे. पीएचडीनंतर दोन-दोन वर्षांचे करार, देश बदलणं, व्हिसाची टांगणी. कायमची जागा क्वचित रिकामी होते आणि वेधशाळा स्थानिक भाषा येणाऱ्याला आधी घेते. म्हणून जिथे जाल तिथली भाषा पहिल्या वर्षापासून शिका.

प्राध्यापकांना पत्र लिहिताना लहानपणापासूनची आवड वगैरे चार ओळी वगळा. तुम्ही काढलेला एक आलेख जोडा, त्यात काय दिसतं आणि कशाचा उलगडा होत नाही ते पाच ओळींत लिहा, कोड कुठे ठेवलं आहे त्याचा दुवा द्या. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी अशी फार थोडी असतात, आणि त्यांना आम्ही उत्तर देतो.