ट्रॅक डेचे टायर घेताय? या चुका टाळा

सकाळी आठला चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास इंटरनॅशनल सर्किटच्या पिटमध्ये उभा राहिलो की अर्ध्या तासात कुणीतरी येऊन विचारतोच, "कुठले टायर टाकू?" गाडी कोटीच्या घरातली, ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस, पहिला किंवा दुसरा, आणि उत्तर आधीच ठरलेलं: सगळ्यात चिकट मिळतील ते. माझा फक्त होकार हवा असतो. तो मी देत नाही, म्हणून माझी ख्याती खडूस अशी आहे.

पहिल्याच दिवशी सेमी-स्लिक

रस्त्याचा चांगला टायर, उदाहरणार्थ मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४एस, तुमच्याशी बोलतो. वळणात जरा जास्त वेग घेऊन शिरलात की आधी कुरकुरतो, मग ओरडतो, मग हळूहळू सरकायला लागतो. स्टिअरिंग थोडं सोडायला, पाय हलका करायला वेळ मिळतो. मिशेलिनचाच कप २, पिरेलीचा ट्रोफेओ आर किंवा योकोहामाचा अ‍ॅडव्हान ए०५२ ही वेगळी जात, सेमी-स्लिक: नक्षी कमी, रबर चिकट. रस्त्यावर चालवायची परवानगी असली तरी जीव कोरड्या ट्रॅकवरचा. हे टायर कमी बोलतात. धरून ठेवतात, धरून ठेवतात, आणि सोडतात तेव्हा तुमच्या सवयीपेक्षा बऱ्याच जास्त वेगाला सोडतात. शिकाऊ माणसाच्या चुका हे टायर झाकून टाकतात. उशिरा ब्रेक मारला, चुकीच्या जागी वळला, तरी गाडी वळून जाते. त्याला वाटतं आपल्याला जमलं. पाच-सहा ट्रॅक डे ४एससारख्या टायरवर काढा, ते ओरडू देत. एवढा धीर नसेल तर पैसे टायरवर घालण्याआधी शिकवणाऱ्यावर घाला.

दुसरी गोष्ट ट्रॅकच्या बाहेरची. पुण्याहून तिथे एनएच ४८ हा एकच रस्ता धरून जाता येतं: सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, वेल्लोर, जवळपास सर्किटच्या दारापर्यंत. अकराशे किलोमीटरांहून जास्त. ट्रॅकवर दिवसभरात फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. म्हणजे गाडी ट्रकवर घालून नेत नसाल तर टायर मुख्यतः हायवेसाठी घ्यायचा आहे, हे आधी कबूल करा.

कोल्हापूरचा एक पोरगा आहे, मला काका म्हणतो. पोर्शे ७१८ केमन. ओळखीतून कप २ चा सेट मिळाला, "दोनच ट्रॅक डे झालेला." मी म्हटलं, घरी बदलू नकोस, सेट ट्रकने पुढे पाठव, तिथे बसवू. तर म्हणाला, "काका, नाद करायचा तर पुरता करायचा. अर्धवट कशाला?" महिना डिसेंबर. आपल्याकडे आभाळ निरभ्र, पण तमिळनाडूचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, परतीच्या मोसमी वाऱ्यांचा. हे त्याला सांगितलं होतं. मी मागच्या गाडीत होतो. वेल्लोरच्या अलीकडे ट्रकांनी रस्त्यात जे पाट पाडलेत त्यांत पाणी भरलेलं. कप २ ची नक्षी मुळात उथळ, त्यात अर्धी घासलेली. पाणी बाहेर फेकायला जागाच नाही. ऐंशीच्या वेगाला गाडी पाण्यावर तरंगली. ब्रेकचे दिवे लागलेले दिसले, पण वेग कमी होईना. अर्धी गिरकी घेऊन मागचं डावं चाक दुभाजकाला लागलं. मागून ट्रक येत नव्हता, एवढंच नशीब. रिम वाकली, माणूस पांढराफटक. पुढचा अर्धा तास आम्ही एका टपरीवर चहा घेत नुसते बसलो, कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी रिम कशीबशी सरळ करून घेतली आणि टायर मात्र मी आतून हात घालून तपासला. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, मार नव्हता, म्हणून ट्रॅकवर जाऊ दिलं. नसता तपासला तर हा लेख वेगळा झाला असता.

हवा

माझ्या मते टायरच्या निवडीतल्या निम्म्या तक्रारी हवेच्या असतात. त्याच पोराचं उदाहरण पुरे. पेट्रोल पंपावर डोळे झाकून चारही चाकांत ३६ पीएसआय भरलेले. चौथ्या लॅपनंतर पिटमध्ये आला, "टायर बेकार निघाले काका, लोण्यावर चालवल्यासारखं वाटतंय." गेज लावलं तर ४४. यात जादू काही नाही. सकाळी तीस अंशांवर असलेली आतली हवा ऐंशी अंशांवर गेली की ३६ चे ४४ होतात. अंदाज हवा असेल तर दर दहा अंशांना दीड-पावणेदोन पीएसआय धरा. फुगलेला टायर मधल्या पट्ट्यावर उभा राहतो, जमिनीला लागणारं रबर कमी होतं, तेवढंच रबर सगळा मार खातं, आणखी तापतं.

आकडा थंड टायरचा नाही, गरम टायरचा ठरवायचा. माझ्या केमनमध्ये मी गरम ३२-३३ वर थांबतो. तुमच्या टायरचा आकडा कंपनीच्या कागदात बघा, तिथून एक-दोन पीएसआय इकडेतिकडे करून बघा. पिटमध्ये आल्याआल्या, गाडी थांबताच, गेज लावायचं. आधी सरबत, मग गेज, असं केलंत तर मोजणं वाया. पोराच्या चारही चाकांतली हवा सोडून ३३ केली. पुढच्या सेशनला तो त्याच "बेकार" टायरवर दीड सेकंदाने वेगात होता. आभार मानले नाहीत, पण जेवणाचं बिल त्याने दिलं.

आता याच्या उलटी चूक, जी मी स्वतः केली आहे. संध्याकाळी ट्रॅक संपला, सगळे आनंदात, मीही हायवेला लागलो. गरम असताना सोडून ३३ वर आणलेली हवा टायर थंड झाल्यावर २६ च्या आसपास येते, हे गणित मला पाठ होतं. तरी हवा भरायची राहिली. पहाटे चित्रदुर्गजवळ एका खड्ड्यात चाक गेलं. घरी पोचलो तेव्हा पुढच्या टायरच्या साइडवॉलला लिंबाएवढा फुगा. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले, त्याला दुरुस्ती नाही. नवा टायर एकट्यापुरता मिळेना, जोडी घ्यावी लागली. तेव्हापासून माझ्या डिक्कीत बारा व्होल्टचा पंप असतो आणि त्याची आठवण म्हणून एक लाल चिंधी स्टिअरिंगला लटकते. हवा भरल्याशिवाय चिंधी काढायची नाही. बायकोला हा प्रकार अंगाऱ्या-धुपाऱ्यातला वाटतो.

बाकीच्या

साइडवॉलवरचा ट्रेडवेअरचा आकडा म्हणजे ग्रिपचं गुणपत्रक समजू नका. ४एसवर ३००, कप २ वर १८०, ट्रोफेओ आरवर ६०. हा टायर किती दिवस टिकेल याचा अंदाज, आणि तो कंपनी स्वतःच लिहिते. दोन कंपन्यांच्या २०० ची तुलना करून पैज लावू नका. ए०५२ वर २०० लिहिलेलं असतं, आणि तो उन्हातल्या कुल्फीसारखा संपतो.

वापरलेला सेट घेताना साइडवॉलवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर कधी बनला ते त्यात असतं. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आले, त्यात आयएसआय शिक्का हवाच, त्यामुळे हवं ते माप हवं तेव्हा मिळत नाही आणि लोक ओळखीतून जुने सेट उचलतात. नक्षी भरपूर दिसते म्हणून फसतात. तापणं आणि निवणं असं चक्र बऱ्याचदा झालेलं रबर कडक होतं, खोली कितीही असो. मी नख रुतवून बघतो. शास्त्रीय नाही, पण माझं नख अजून चुकलेलं नाही.

पुढे जुने आणि मागे नवे चिकट, किंवा उलट, असं करू नका. गाडी एका टोकाला चिकटते आणि दुसऱ्या टोकाला घसरते. चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीत तर पुढच्या-मागच्या टायरच्या घेरातला फरक ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाला, महागात पडतो.

कॅम्बरकडे, म्हणजे चाक उभ्या रेषेपासून किती कललेलं आहे त्याकडे, कुणी बघतच नाही. गाडी कंपनीतून येते ती रस्त्याच्या हिशोबाने. ट्रॅकच्या वळणात ती कलते, टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो, आणि दोन दिवसांत खांदा गुळगुळीत, मधली नक्षी जशीच्या तशी. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर गाड्या घड्याळाच्या दिशेने फिरतात, तिथे पुढच्या डाव्या टायरचे हाल बघा. लोक मग टायरला शिव्या देऊन आणखी महाग टायर घेतात, तोही तसाच खातात. माझा उपाय शाळेतल्या खडूचा: सेशनआधी टायरच्या खांद्यावर आडव्या रेघा ओढतो आणि परत आल्यावर खडू कुठवर पुसला ते बघतो. साइडवॉलवर घासत असेल तर आधी हवा, मग अलाइनमेंटवाला. त्याला "कंपनीच्या मापात" म्हणू देऊ नका. किती अंश हवा तो आकडा तुम्ही सांगा.

स्पीड इंडेक्स, म्हणजे टायर किती वेग सोसतो ते सांगणारं अक्षर, उतरवून स्वस्त टायर घेऊ नका: ताशी किलोमीटरांत व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, तोही उतरवू नका.

बाहेरून दोरी घालून काढलेलं पंक्चर ट्रॅकवर चालत नाही. वाद नको.

कोऱ्या टायरवर पहिल्याच लॅपला जोर नको. आधी शंभर-दीडशे किलोमीटर शांतपणे चालवा.

नायट्रोजनने लॅप टाइम सुधारत नाही. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. ते पैसे चांगल्या गेजवर घाला. चाकांचे बोल्ट पहिल्या सेशननंतर टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासा. पंक्चरवाल्याने पान्यावर मारलेली उडी म्हणजे टॉर्क नाही.

कोल्हापूरकर आता ४एसवर येतो. पहिल्या वळणाला त्याचे टायर ओरडतात ते पिटपर्यंत ऐकू येतं. तो कप २ चा सेट त्याच्या घरी माळ्यावर आहे, पोत्यात गुंडाळून. गेल्या महिन्यात फोन आला, "काका, तुमच्याच मापाचा आहे, घेता का? दोनच ट्रॅक डे झालेत." मी म्हटलं, आधी चार आकडे वाच.