पहिलं मोबाइल ॲप बनवताना : भाषा ठरवण्याआधी या चुका टाळा

ॲप डेव्हलपमेंट शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘प्रोग्रॅमिंगची भाषा कोणती घेऊ?’ हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी समोरचा लॅपटॉप बघा, ॲप कोणाच्या फोनमध्ये जाणार ते बघा, आणि तुम्हाला आधीपासून काय येतं ते बघा. एवढं कळलं की भाषा बहुतेक वेळा आपोआप ठरते.

उदाहरणासाठी एकच ॲप डोळ्यांसमोर ठेवू. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या गावच्या दूध संस्थेसाठी संकलनाची नोंद : सभासद क्रमांक, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), दर आणि रक्कम. शिकायला हे फार चांगलं ॲप आहे, कारण हिशेब चुकला तर वहीशी ताडून लगेच कळतं.

लॅपटॉप न बघता एम्युलेटर चालवणं

अँड्रॉइड स्टुडिओ म्हणजे अँड्रॉइड ॲप बनवायचं गूगलचं सॉफ्टवेअर, आणि एम्युलेटर म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर चालणारा आभासी फोन. स्टुडिओची किमान अट ८ जीबी रॅमची आहे, आणि एम्युलेटरसकट चालवायचं तर १६ जीबीची. ८ जीबीच्या लॅपटॉपवर स्टुडिओ, एम्युलेटर आणि क्रोमचे दहा टॅब एकत्र उघडले की मशिन अडकणारच. यात भाषेचा काही दोष नसतो, पण इथेच कंटाळून मुलं भाषा बदलतात. एम्युलेटर बंद ठेवा आणि स्वतःचा फोन वापरा. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग (केबलने लॅपटॉपवरून फोनमध्ये ॲप टाकायची परवानगी) चालू करा.

फोन जोडूनही लॅपटॉपवर दिसत नसेल तर आधी केबल बदला. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. शाओमीच्या फोनवर ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ वेगळं चालू करावं लागतं. अँड्रॉइड ११ किंवा पुढचा फोन असेल तर वायफायवरूनही जोडता येतो. आणि लॅपटॉपमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर पैसे आधी एसएसडीवर घाला, कोर्सचं नंतर बघा.

जुना व्हिडिओ आणि नवं टूल

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. व्हिडिओत शिक्षक नवा प्रोजेक्ट करताना ‘एम्प्टी ॲक्टिव्हिटी’ निवडतात आणि लेआउटची, म्हणजे पडद्याच्या मांडणीची, एक्सएमएल फाइल उघडतात. तुम्ही तेच निवडता, पण ती फाइल सापडत नाही आणि जावा ही भाषा निवडायचा पर्यायही दिसत नाही. तुमचं काही चुकलेलं नसतं. २०२३ पासूनच्या स्टुडिओत ‘एम्प्टी ॲक्टिव्हिटी’ म्हणजे जेटपॅक कंपोझ, पडदा थेट कोडमध्ये लिहायची नवी पद्धत, आणि ती फक्त कोटलिन या भाषेत चालते. एक्सएमएलवाली जुनी पद्धत ‘एम्प्टी व्ह्यूज ॲक्टिव्हिटी’ या नावाखाली आहे. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने कंपोझच शिकावं, पण मग व्हिडिओही कंपोझचाच हवा. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं घेतलं की दोन्ही डोक्यात बसत नाही.

फ्लटरचंही (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप बनवायचं गूगलचं टूल) तसंच. त्याच्या डार्ट या भाषेची तिसरी आवृत्ती आली मे २०२३ मध्ये, आणि तेव्हापासून नल सेफ्टी (कोणती किंमत रिकामी असू शकते ते आधीच सांगायचा नियम) सक्तीची आहे. ‘रेझ्ड बटन’, ‘फ्लॅट बटन’ वापरणारा कोड दिसला की तो धडा जुना समजा आणि पुढे चला. मायक्रोसॉफ्टचं झमारिन हे जुनं टूल शिकवणारा कोर्स कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्याचा सपोर्ट १ मे २०२४ ला संपला.

मग घ्यायचं काय?

कॉलेजमध्ये जावा झालं आहे आणि ॲप फक्त अँड्रॉइडवर चालायचं आहे, तर कोटलिन घ्या. गूगलने २०१९ पासून अँड्रॉइडसाठी पहिली पसंती कोटलिनलाच दिली आहे. जावास्क्रिप्ट आणि रिॲक्ट येत असेल तर रिॲक्ट नेटिव्ह (त्याच पद्धतीने मोबाइल ॲप बनवायचं टूल), तेही एक्स्पो या तयार टूलसंचावर. पुढे आयफोनवरही जायचं असेल आणि हात कोरा असेल तर फ्लटर. ८ जीबीच्या मशिनवर फ्लटरसाठी व्हीएस कोड हा हलका एडिटर वापरा, मात्र अँड्रॉइड एसडीके (ॲप बांधायची अँड्रॉइडची साधनं) तरीही लागतं. शाळेतल्या मुलाला ठोकळे जोडून ॲप बनवायचं एमआयटीचं ॲप इन्व्हेंटर पुरे.

आयफोनचं पहिल्या ॲपात डोक्यात घेऊ नका. मॅक लागतो, आणि ॲप स्टोअरवर टाकायला वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. दूध संस्थेच्या कामाला त्याचा उपयोग नाही.

एक भाषा धरली की पहिलं ॲप पूर्ण होईपर्यंत ती सोडू नका. बटण दाबलं की लिटर गुणिले दर दिसणं, मग ते डेटाबेसमध्ये साठणं, मग महिन्याची बेरीज निघणं, एवढं तरी एकाच भाषेत झालं पाहिजे.

ग्रेडल लाल झालं की

ग्रेडल म्हणजे कोडमधून ॲप बांधणारं टूल, आणि लाल म्हणजे त्याचा एरर. प्रोजेक्ट उघडल्यावरच्या पहिल्या सिंकला (लागणाऱ्या फाइल जुळवताना) ते पुष्कळ डेटा डाउनलोड करतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा मध्येच संपला तर अर्धवट फाइल राहते आणि पुढच्या वेळी भलताच एरर येतो. यूजर फोल्डरमधल्या डॉट-ग्रेडल फोल्डरात ‘रॅपर’, त्यात ‘डिस्ट्स’ आहे. तिथलं त्या आवृत्तीचं फोल्डर काढून चांगल्या वायफायवर पुन्हा सिंक करा.

दुसरं कारण फोल्डरच्या नावात असतं. प्रोजेक्ट ‘दूध संस्था’ अशा देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला तर विंडोजवर बिल्ड (ॲप बांधायचं काम) अडतो, आणि नावात स्पेस असली तर फ्लटरही कुरकुरतं. सी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांचं, स्पेस नसलेलं छोटं फोल्डर करा. फ्लटरवाल्यांनी काहीही अडलं की आधी ‘फ्लटर डॉक्टर’ ही कमांड चालवावी. एसडीकेची लायसन्स स्वीकारायची राहिली असतील तर तीच सांगते.

मराठी फोनवर बंद पडणारं ॲप

ही चूक आपल्याकडे हमखास सापडते, पण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये तिचा उल्लेख क्वचितच असतो. तुमच्या इंग्रजी फोनवर ॲप छान चालतं. संस्थेच्या सचिवांचा फोन मराठीत असतो, तिथे रक्कम दिसताच किंवा सेव्ह करताना ॲप बंद पडतं. कारण असं : कोटलिनमध्ये दोन दशांशांपर्यंत आकडा दाखवायला स्ट्रिंग फॉरमॅट (आकड्याचा मजकूर करणारं फंक्शन) वापरलं की ते फोनच्या भाषेप्रमाणे ‘४.५०’ असे देवनागरी अंक देतं. तोच मजकूर परत दशांश संख्येत बदलायला गेलात की ‘नंबर फॉरमॅट एक्सेप्शन’ हा एरर येतो. हिशेबासाठीचं फॉरमॅट करताना लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) यूएस द्या, आणि पडद्यावर दाखवण्यापुरतंच मराठी लोकेल वापरा. वापरणाऱ्याने स्वतः देवनागरी अंक टाइप केले तर सेव्ह करण्याआधी ते बदलून घ्या. रक्कम दशांशात न साठवता पैशांत, पूर्ण संख्येत साठवा. महिनाअखेरीला बेरीज पैशापैशाने जुळते. आणि हे ॲप ज्याच्या हातात द्यायचं आहे त्याच्या फोनची भाषा लावून एकदा स्वतः चालवून बघाच.

माझ्याकडे चालतं, त्यांच्याकडे चालत नाही

फ्लटरचं ॲप केबलने जोडलेलं असताना सर्व्हरवरून माहिती आणतं, पण रिलीज एपीके (वाटायची अंतिम ॲप फाइल) व्हॉट्सॲपवर पाठवली की काहीच येत नाही. इंटरनेटची परवानगी डीबगच्या, म्हणजे चाचणीच्या बिल्डच्या, मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्यांची फाइल) आपोआप असते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये नसते. ती ‘मेन’ फोल्डरातल्या मॅनिफेस्टमध्ये स्वतः लिहा. कोटलिनच्या ॲपात सर्व्हरचा पत्ता एचटीटीपी असेल तर अँड्रॉइड ९ पासून तो अडवला जातो, एचटीटीपीएस करून घ्या.

एपीके थेट वाटत असाल तर सहीची की (ॲप तुमचंच आहे हे दाखवणारी डिजिटल किल्ली) जपा. घरच्या लॅपटॉपवर एक बिल्ड आणि मित्राच्या लॅपटॉपवर दुसरा, असं केलं तर डीबग की वेगळी पडते आणि अपडेट बसत नाही. मग जुनं ॲप काढावं लागतं, आणि त्याबरोबर फोनमधल्या साठलेल्या नोंदी जातात. पहिल्याच दिवशी रिलीज की बनवा आणि तिची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.

प्ले स्टोअरवर जायचं असेल तर पॅकेजच्या नावातलं, म्हणजे ॲपच्या कायमच्या ओळखीतलं, ‘एक्झाम्पल’ आधीच काढा. प्ले ते स्वीकारत नाही, आणि एकदा टाकलेल्या ॲपच्या पॅकेजचं नाव बदलता येत नाही. प्लेच्या डेव्हलपर खात्याचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंग (निवडक लोकांकडून चाचणी) करून घ्यावं लागतं. ही १२ माणसं वर्गमित्रांऐवजी संस्थेतले कर्मचारी आणि दूध घालणारे सभासद असू द्या. ॲप बनवायला घेतानाच त्यांचे जीमेल पत्ते मागून ठेवा.